बहुविश्वाबद्दल बोलताना पुरावा कुठे संपतो तेही सांगा

क्वांटम गुरुत्वाकर्षणावर काम करणाऱ्या आणि त्याबद्दल सर्वसामान्यांशी बोलणाऱ्या सर्व शास्त्रज्ञांना,

सप्रेम नमस्कार.

मी संशोधक नाही, भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे. तुमची व्याख्यानं आणि मुलाखती मी आवडीने ऐकतो, विद्यार्थ्यांना ऐकवतो आणि मग त्यांच्या प्रश्नांना सामोरा जातो. अलीकडे या प्रश्नांचा सूर बदलला आहे. ‘दुसरी विश्वं असतील का?’ असं आता फारसं कोणी विचारत नाही. ‘दुसऱ्या विश्वांतही आपल्यासारखीच माणसं असतात ना?’ असं विचारतात. म्हणजे ती विश्वं आहेत हे ठरूनच गेलं आहे, फक्त तपशील भरायचा बाकी आहे. हे कोणी ठरवलं असं विचारलं, की उत्तर तयार असतं: शास्त्रज्ञांनी, क्वांटम गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांनी.

हे खरं नाही, आणि ते का खरं नाही हे तुमच्याइतकं नीट कोणालाच ठाऊक नाही. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहितो आहे.

तुमच्या विषयाचा मूळ प्रश्न, म्हणजे सूक्ष्म जगाचे क्वांटम नियम आणि गुरुत्वाकर्षण यांचा मेळ कसा घालायचा हा, बहुविश्वाच्या (आपल्याखेरीज आणखीही विश्वं असल्याच्या) कल्पनेहून जुना आहे आणि माझ्या मते कितीतरी खोल आहे. आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण केला आणि पुढच्याच वर्षी गुरुत्वीय लहरींवरच्या निबंधात नोंदवून ठेवलं, की क्वांटम सिद्धांतामुळे या नव्या गुरुत्वसिद्धांतातही बदल करावा लागेल. अडचण नेमकी कुठे आहे ते १९३६ च्या सुमारास मात्वेई ब्रॉन्स्टाइन या तरुण सोव्हिएत शास्त्रज्ञाने दाखवलं. एखाद्या छोट्या जागेतलं गुरुत्वक्षेत्र अचूक मोजायचं, तर क्वांटम नियमांमुळे त्यासाठी जड वस्तू वापरावी लागते. पण जड वस्तू लहानात लहान जागेत बसवत गेलं, की एका टप्प्यावर तिचं स्वतःचंच गुरुत्व तिला गिळून टाकतं आणि मोजमाप करणंच अशक्य होतं. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजताना असं होत नाही. गुरुत्वाकर्षण इतर बलांपेक्षा वेगळं आहे ते इथे. त्याची मर्यादा थेट अवकाश आणि काळ या कल्पनांनाच लागू होते. ती मर्यादा म्हणजे प्लांक लांबी. मीटरमध्ये लिहायची तर दशांशचिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६. ब्रॉन्स्टाइनला १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळी घालून मारलं. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. त्याचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

हा प्रश्न पूर्णपणे आपल्याच विश्वाबद्दलचा आहे. कृष्णविवराच्या केंद्राशी काय होतं? १९७४ मध्ये हॉकिंग यांनी दाखवल्याप्रमाणे कृष्णविवर प्रारण सोडत सोडत संपलं, तर आत पडलेल्या पदार्थाची माहिती जाते कुठे? महास्फोटाच्या क्षणाशी समीकरणांत अनंत किंमती येतात, त्या जागी खरं काय असतं? यातल्या एकाही प्रश्नासाठी दुसऱ्या विश्वाची गरज लागत नाही.

उत्तर शोधण्याच्या तुमच्या वाटाही अनेक आहेत, पण व्यासपीठावर त्यांतली एकच जास्त ऐकू येते: मूलकण म्हणजे कंप पावणारे अतिसूक्ष्म तंतू मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांताची. अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये सापेक्षतेची समीकरणं नव्या चलांत मांडली. त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. तिच्यात क्षेत्रफळ आणि घनफळसुद्धा सलग नसून त्यांचे ठरावीक तुकडेच संभवतात. ही मांडणी विश्वाच्या आरंभाला लावली, तर महास्फोटाच्या जागी एक उसळी दिसते. आधी आकुंचन, मग प्रसरण, आणि दोन्ही एकाच विश्वाचे टप्पे. राफाएल सॉर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अवकाशकाल हा घटनांमधल्या कार्यकारण-संबंधांचा संच मानणारा सिद्धांत पुढे आणला. कोणी अवकाशकालाचे त्रिकोणी तुकडे संगणकात जुळवून मोठ्या अंतरावर चार मिती आपोआप उमटतात का ते तपासतं, तर कोणी अतिउच्च ऊर्जेलाही गुरुत्वाचा सिद्धांत स्वतःच सावरून घेतो का, हे शोधतं. यांतल्या बहुतेक वाटांवर बहुविश्व लागतच नाही. तरीही ‘क्वांटम गुरुत्वाकर्षण’ असे शब्द मथळ्यात आले, की खाली बुडबुड्यांचं चित्र ठरलेलं असतं, प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक विश्व.

ते चित्र येतं कुठून, हे ऐकणाऱ्याला एकदा तरी सलग सांगायला हवं. स्ट्रिंग सिद्धांताला दहा मिती लागतात. आपल्याला जाणवतात चार. उरलेल्या सहा अतिसूक्ष्म गुंडाळलेल्या आहेत असं मानलं, तर त्या गुंडाळण्याच्या शक्यता प्रचंड निघतात. २००० साली बुसो आणि पोल्चिन्स्की यांनी केलेल्या मांडणीनंतर एकावर ५०० शून्यं हा आकडा रूढ झाला. प्रत्येक शक्यतेत मूलकण वेगळे, बलं वेगळी, रिकाम्या अवकाशाची ऊर्जा वेगळी. आता याला दुसरी कल्पना जोडायची. विश्व आरंभी क्षणभर प्रचंड वेगाने फुगलं (यालाच इन्फ्लेशन म्हणतात) आणि हे फुगणं सगळीकडे एकदम थांबलं नाही. काही भागांत ते चालूच राहिलं, आणि थांबलेला प्रत्येक भाग स्वतंत्र विश्वासारखा वागू लागला. १९८० च्या दशकात व्हिलेंकिन आणि लिंडे यांनी हे चिरंतन इन्फ्लेशन मांडलं. दोन्ही कल्पना एकत्र केल्या, की असंख्य विश्वं आणि प्रत्येकात निराळे नियम, असं चित्र तयार होतं.

चित्र मोहक आहे, पण ते किती ‘जर’वर उभं आहे ते पाहा. स्ट्रिंग सिद्धांत निसर्गाचं वर्णन करतो याचा प्रायोगिक पुरावा नाही. त्या अगणित शक्यतांपैकी आपल्यासारखं, प्रसरणाचा वेग वाढत जाणारं विश्व सिद्धांतात खरोखर बसतं का, यावर तुमच्यातच वाद आहे. २०१८ मध्ये कुमरुन वाफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी स्थिर विश्वं सिद्धांतात बहुधा बसतच नाहीत असा तर्क मांडला. तो बरोबर ठरला तर बुडबुड्यांच्या चित्राचा पायाच हलतो. इन्फ्लेशनच्या बाजूने चांगली निरीक्षणं आहेत, हे मान्य. पण इन्फ्लेशन झालं म्हणजे ते चिरंतनच होतं असं होत नाही. इन्फ्लेशन उभारणाऱ्यांपैकी एक असलेले पॉल स्टाइनहार्ट आज त्याचे कडवे टीकाकार आहेत, आणि बहुविश्व हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेला क्वांटम सिद्धांताचा ‘अनेक जगां’चा अन्वयार्थ, म्हणजे मोजमापाची प्रत्येक शक्यता वेगळ्या जगात घडते हा, ही तर तिसरीच गोष्ट. तिचा गुरुत्वाशी संबंधही नाही. व्याख्यानात मात्र हे सगळं एकाच दमात येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, इतक्या वेगवेगळ्या दिशांनी सिद्ध झालं म्हणजे असणारच.

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला ठाऊक आहे आणि तो मी टाळणार नाही. रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचा ढोबळ सैद्धांतिक अंदाज प्रत्यक्षापेक्षा एकावर १२० शून्यं इतक्या पटींनी मोठा निघतो. ही किंमत इतकी लहान का, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. १९८७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी वेगळा विचार केला. अशी अनेक विश्वं असतील आणि प्रत्येकात ही किंमत वेगळी असेल, तर दीर्घिका जिथे तयार होऊ शकतात तिथेच ती मोजायला कोणी असणार. दीर्घिका बनायच्या, तर किंमत एका मर्यादेच्या आत हवी. मग ती शून्य असण्याचं कारण नाही, मर्यादेच्या आत कुठेतरी असेल. १९९८ मध्ये दोन गटांनी अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचं दाखवलं, आणि किंमत खरोखरच शून्य नव्हती, मर्यादेच्या आत होती. निरीक्षणाच्या अकरा वर्षं आधी केलेला हा तर्क मला आजही थक्क करतो.

पण हीच गोष्ट सांगताना सॉर्किन यांचं नाव का येत नाही? १९९८ च्या आधीच त्यांनी कार्यकारण-संचांच्या सिद्धांतातून याच किंमतीचा अंदाज दिला होता. त्यांचा तर्क थोडक्यात असा: अवकाशकाल मोजता येण्याजोग्या घटकांचा बनला असेल, तर त्या संख्येत वर्गमुळाइतके चढउतार होणारच. आजवरच्या आपल्या दृश्य विश्वात असे घटक सुमारे एकावर २४० शून्यं इतके भरतात. त्याचं वर्गमूळ एकावर १२० शून्यं. रिकाम्या अवकाशाची ऊर्जा या प्रमाणात लहान असली पाहिजे, शून्य नाही. एकच विश्व, आणि तरी तोच आकडा. सॉर्किन बरोबर आहेत असा माझा दावा नाही. त्यांच्याही सिद्धांतात मोठ्या त्रुटी आहेत. पण एकाच निरीक्षणाकडे दोन वाटांनी जाता येत असेल, तर त्या निरीक्षणाला एका वाटेचा पुरावा म्हणता येत नाही. हे अकरावीच्या विद्यार्थ्यालाही कळतं, फक्त त्याला दोन्ही वाटा सांगायला हव्यात.

वाइनबर्ग यांच्या तर्कातली दुसरी अडचण याहून गंभीर आहे. ‘बहुतेक निरीक्षक अशा विश्वात असतील’ असं म्हणायचं, तर विश्वं मोजता यायला हवीत. चिरंतन इन्फ्लेशनमध्ये ती अनंत आहेत. अनंतातून प्रमाण काढणं किती फसवं असतं ते साध्या संख्यांवरून दिसतं. १, २, ३, ४ अशा क्रमाने मोजत गेलं, तर निम्म्या संख्या सम. पण १, ३, २, ५, ७, ४ अशा क्रमाने, म्हणजे दोन विषम मग एक सम असं मोजत गेलं, तर त्याच सगळ्या संख्यांपैकी एकतृतीयांशच सम भरतात. संख्या त्याच, फक्त क्रम बदलला. अनंत विश्वांचंही हेच होतं. मोजण्याची पद्धत बदलली की ‘बहुतेक विश्वं’ बदलतात. कोणती पद्धत योग्य हे सिद्धांतच सांगत नाही, आणि बरोबर उत्तर देणारी पद्धत नंतर निवडली तर भाकिताला अर्थ उरत नाही. तुम्ही हिला ‘माप-समस्या’ म्हणता आणि ती सुटलेली नाही हे आपापसांत मान्यही करता. सार्वजनिक व्याख्यानात मी तिचा उल्लेख फार क्वचित ऐकला आहे.

‘दिसत नाही म्हणून नाही’ असं मी म्हणत नाही. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख अणूंचं अस्तित्व मानायला तयार नव्हते, आणि ते चुकले. पाउली यांनी १९३० मध्ये सुचवलेला न्यूट्रिनो हा कण सापडायला १९५६ साल उजाडलं. कृष्णविवराच्या आतलं जग आपल्याला कधीच दिसणार नाही, तरी सापेक्षता त्याबद्दल जे सांगते त्यावर आपण विश्वास ठेवतो. मग बहुविश्वावर का नको, असं तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण सापेक्षतेवरचा हा विश्वास तिने कमावलेला आहे. बुधाच्या कक्षेचं शतकाला ४३ विकला इतकं जास्तीचं सरकणं, १९१९ च्या ग्रहणातलं ताऱ्यांच्या प्रकाशाचं वळणं, एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोड-पल्सार ताऱ्यांची आक्रसत जाणारी कक्षा, १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या गुरुत्वीय लहरी. या सगळ्या परीक्षा ती उत्तीर्ण झाली, म्हणून जिथे आपण पोहोचू शकत नाही तिथेही तिचा शब्द मानतो. बहुविश्व ज्या स्ट्रिंग सिद्धांताच्या आणि चिरंतन इन्फ्लेशनच्या खांद्यावर बसलं आहे, त्यांची पहिली परीक्षा अजून व्हायची आहे.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये विश्वशास्त्रज्ञ जॉर्ज एलिस आणि जो सिल्क यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात हीच चिंता मांडली होती: सिद्धांत पुरेसा सुंदर आणि समर्पक असेल तर प्रयोगाची अट शिथिल करावी, हा सूर घातक आहे. तुमच्यातल्या काहींना ते बोलणं कडक वाटलं. मला ते आवश्यक वाटतं. एकदा ही अट आपणच सोडली, तर विज्ञानाचं नाव घेऊन काहीही विकणाऱ्यांना आम्ही कोणत्या तोंडाने अडवायचं? ‘क्वांटम’च्या नावाखाली आरोग्यापासून नशिबापर्यंत सगळ्याची हमी देणारे आजच कमी नाहीत. त्यांना विरोध करताना माझ्याकडे एकच आधार असतो: विज्ञान आपले दावे तपासायला देतं.

आणि तुम्ही ते देताही! २०११ मध्ये फीनी, जॉन्सन, मॉर्टलॉक आणि पिरिस या संशोधकांनी डब्ल्यूमॅप यानाच्या सात वर्षांच्या नोंदी चाळल्या. दुसरं विश्व आपल्या विश्वाला कधीकाळी धडकलं असेल, तर पार्श्वभूमी प्रारणात, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणात, वर्तुळाकार खूण उरेल, ती ते शोधत होते. ठोस काही सापडलं नाही, आणि त्यांनी तसं स्वच्छ लिहिलं. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने आरंभीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा काहींनी उत्साहात बहुविश्वालाही बळ मिळाल्याचं सांगून टाकलं. वर्षभरात प्लांक उपग्रहाच्या नोंदींसह केलेल्या संयुक्त विश्लेषणातून कळलं, की तो ठसा बराचसा आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा होता. ज्यांनी शोध जाहीर केला त्यांनीच तो मागे घेण्यात भाग घेतला. विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग मोठ्या आदराने सांगतो. फक्त पहिल्या बातमीचा आवाज जितका मोठा होता तितका दुसरीचा नव्हता, एवढीच खंत आहे.

क्वांटम गुरुत्वाकर्षणाची परीक्षा घेताच येत नाही, ही समजूतही तुमच्या मौनामुळे पसरली आहे. लार्ज हेड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या यंत्राची ऊर्जा, गुरुत्वाचे क्वांटम परिणाम थेट दिसायला लागणाऱ्या प्लांक ऊर्जेपेक्षा एकावर १५ शून्यं इतक्या पटींनी कमी पडते, हे खरं. पण निसर्ग दुसरी दारं उघडी ठेवतो. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. सुमारे ७३० कोटी वर्षं प्रवास करून आलेल्या त्या प्रकाशातला सर्वांत ऊर्जावान फोटॉन बाकीच्यांच्या मागेपुढे सेकंदभरातच पोहोचला. अवकाशाच्या कणदारपणामुळे प्रकाशाचा वेग ऊर्जेनुसार बदलेल असं मानणाऱ्या काही कल्पनांना या एका निरीक्षणाने जवळपास निकालात काढलं.

याहून मला आशा वाटते ती प्रयोगशाळेतल्या टेबलाची. २०१७ मध्ये सौगतो बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे मार्लेट्टो आणि व्हेड्रल यांनी, एक प्रयोग सुचवला. दोन सूक्ष्म स्फटिक घ्यायचे, प्रत्येकाला एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याच्या क्वांटम अवस्थेत ठेवायचं, आणि त्यांच्यात गुरुत्वाशिवाय दुसरं कोणतंही बल पोहोचणार नाही याची काळजी घ्यायची. शेवटी त्यांच्यात एंटँगलमेंट, म्हणजे दोन्ही अवस्था एकमेकींत गुंतवणारा क्वांटम संबंध, निर्माण झालेलं दिसलं, तर गुरुत्व निव्वळ अभिजात (क्वांटम नियम न पाळणारं) असू शकत नाही. या निष्कर्षाच्या नेमक्या अर्थावर तुमच्यात चर्चा चालू आहे, तीही ऐकायला आवडेल. पण विचार करा, ब्रॉन्स्टाइनपासून लोंबकळत असलेल्या प्रश्नाला पहिल्यांदाच हो किंवा नाही असं उत्तर मिळण्याची शक्यता दिसते आहे, तेही एका खोलीत मावणाऱ्या उपकरणातून.

प्रयोग विलक्षण कठीण आहे. त्यासाठी लागणारा स्फटिक ग्रॅमच्या सुमारे दहा हजार कोटीव्या भागाइतका. २०१९ मध्ये व्हिएन्नात सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंची क्वांटम तरंगवृत्ती दाखवण्यात आली. आवश्यक स्फटिक त्याहून कोट्यवधी पटींनी जड आहे. दुसऱ्या टोकाला, २०२१ मध्ये व्हिएन्नातच अवघ्या ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीचं गुरुत्व मोजण्यात आलं. तो स्फटिक त्याहून सुमारे नऊशे कोटी पटींनी हलका. एक गट वजन वाढवत वर येतो आहे, दुसरा कमी करत खाली. त्यांची गाठ कधी पडेल माहीत नाही, पण दोन्ही बाजूंचं प्रत्येक पाऊल मोजता येतं, तपासता येतं. माझ्या विद्यार्थ्यांनी क्वांटम गुरुत्वाकर्षण म्हणजे काय हे या लोकांकडून ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. बुडबुड्यांचं चित्र दाखवाल तेव्हा ते ज्या गृहीतकांवर उभं आहे ती त्याच चित्राशेजारी लिहा, आणि कोणतं तपासलेलं आहे व कोणतं नाही तेही लिहा. इन्फ्लेशनचं बहुविश्व आणि एव्हरेट यांची जगं एका वाक्यात मिसळू नका. वाइनबर्ग यांचं भाकीत सांगाल तेव्हा सॉर्किन यांचंही सांगा, माप-समस्याही सांगा. कोणतं निरीक्षण झालं तर तुम्ही तुमची कल्पना सोडून द्याल, हे दर व्याख्यानात कोणी विचारण्याआधीच सांगा, आणि असं निरीक्षण सुचत नसेल तर तेही सांगा. संपादक आणि आयोजक मथळ्यात ‘अनंत विश्वं’ हवीच असा आग्रह धरतील. तुमच्या नावाला वजन आहे, ते नकार द्यायला वापरा.

आणि पुढच्या वेळी क्वांटम गुरुत्वाकर्षणावरच्या जाहीर चर्चेसाठी तुम्हाला बोलावणं येईल, तेव्हा आयोजकांना एक अट घाला: मंचावरची एक खुर्ची स्फटिक तरंगत ठेवणाऱ्या किंवा सोन्याच्या गोळीचं गुरुत्व मोजणाऱ्या प्रयोगकर्त्यासाठी राखायची, आणि पहिला अर्धा तास त्यांना द्यायचा.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक